इमर्जन्सी फंड वायरिंगसाठी मोडावा का?

प्रश्न : आमच्या घराचं वायरिंग ३५ वर्षांपूर्वीचं आहे. बोर्डावर अजून पोर्सलीनचे फ्यूज आहेत. गीझर, एसी, वॉशिंग मशीन हे सगळं नंतर आलं. फ्यूज सारखा उडायचा म्हणून त्यात जाड तार घातली, तेव्हापासून त्रास नाही. आता वायरमन म्हणतो, पूर्ण घराचं वायरिंग बदला. त्याचा खर्च आमच्या पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे. नुसता डीबी (घरभर वीज वाटणारा मुख्य बोर्ड) आणि अर्थिंग करायचं तर एका महिन्याच्या घरखर्चाएवढा. इमर्जन्सी फंड सहा महिन्यांचा आहे. तीन वर्षांनी घराचं नूतनीकरण करायचंच आहे. दीर म्हणतात, ‘मोठ्या अँपिअरचे एमसीबी (फ्यूजऐवजी लावायचे, करंट जास्त झाला की आपोआप पडणारे खटके) टाका आणि तोवर ढकला.’ फंड मोडू, पर्सनल लोन घेऊ की थांबू?

उत्तर : ताई, पैशांचं नंतर बघू. ती जाड तार आधी काढून घ्या आणि मापाची तार घालायला सांगा. फ्यूज उडत होता, कारण भिंतीतल्या तारेवर तिला झेपत नाही इतका लोड येत होता. लोड आजही तेवढाच आहे, फक्त तो कळायची सोय तुम्ही बंद केलीत. मापाची तार घातल्यावर गीझर आणि एसी एकदम लावले की फ्यूज पुन्हा उडेल. उडू द्या. काम होईपर्यंत दोन्ही एका वेळी लावू नका.

दिरांचा सल्ला सगळ्यात स्वस्त वाटतो, पण तो मी पहिल्यांदा बाद करेन. एमसीबीचं मुख्य काम उपकरण वाचवणं हे नसून भिंतीतली तार वाचवणं हे आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला साधारणपणे १६ अँपिअरचा एमसीबी लावतात. तिथे ३२ चा लावला तर काय होतं? घरगुती एमसीबीच्या मानकानुसार तो आपल्या रेटिंगच्या १.१३ पट करंट तासभर तरी वाहू देतो, म्हणजे जवळजवळ ३६ अँपिअर. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. तारेवरचं साधं पीव्हीसी इन्सुलेशन सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असतं. त्यापुढे ते कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत, तुम्हाला न दिसता होतं. ‘ट्रिप होत नाही’ याचं समाधान मानून यात पैसे घालणं मला अजिबात पटत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. वायरमनच्या कोटेशनमध्ये दोन वेगळी कामं आहेत. एक संरक्षणाचं : डीबी, एमसीबी, आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा खटका), अर्थिंग. दुसरं तारा बदलण्याचं. धोका पहिल्या कामाने खूप कमी होतो आणि खर्च दुसऱ्या कामाचा जास्त आहे. म्हणून पहिलं काम आत्ता करा, आणि ते इमर्जन्सी फंडातूनच करा. सहाचे पाच महिने उरतील, ते चालेल. पाच महिने काढून एकच उरवणं मात्र चालणार नाही. नूतनीकरणासाठी जी बचत करत असाल ती काही महिने फंडाकडे वळवा आणि खड्डा भरून काढा.

कोटेशनमध्ये आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा आहे ना, तेवढं नक्की बघा. शॉक माणसाच्या जिवावर बेतायला तीसेक मिलिअँपिअरही पुरू शकतात. १६ अँपिअरचा एमसीबी त्या करंटच्या सुमारे पाचशेपट करंट निमूटपणे वाहू देतो, त्यामुळे शॉकसाठी एमसीबीवर विसंबता येत नाही. आणि आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही, म्हणून दोन्ही लागतात. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी ट्रिप होतो, पण गीझरच्या बॉडीत आलेला करंट तुमच्या हातातून गेल्यावर. अर्थिंग धड असेल तर हात लागायच्या आधीच.

इथे जुन्या घरांत एक छुपा खर्च निघतो, तो आधीच ठरवून घ्या. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळतो का, एवढंच बघतो. जुन्या घरात कुठल्या तरी जंक्शनमध्ये न्यूट्रल अर्थला चिकटलेला असतो, इन्व्हर्टरचा न्यूट्रल भलत्याच वाटेने परत येतो, ओल्या भिंतीत थोडी गळती असते. नवा डीबी लागतो आणि संध्याकाळपासून ट्रिपिंग सुरू. मग कंटाळून कुणीतरी आरसीसीबी बायपास करून देतो. डीबीवर तो दिमाखात दिसतो, काम काहीच करत नाही. म्हणून कोटेशनमध्ये ‘न्यूट्रल आणि अर्थ वेगळे करून देणे’ हे लिहून घ्या, आणि पैशांचा शेवटचा हप्ता सगळी उपकरणं आठवडाभर नीट चालल्यावर द्या.

तारा बदलायच्या की नाही हे वायरमनच्या किंवा माझ्या मतावर ठरवू नका. प्रत्येक सर्किटची इन्सुलेशन टेस्ट करून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) १ मेगाओहमच्या खालचं सर्किट नापास. आकडे कागदावर मागा आणि शक्यतो ज्याला काम मिळणार नाही अशा माणसाकडून टेस्ट करा. तारा अ‍ॅल्युमिनियमच्या असतील तर टेस्ट पास झाली तरी जोड तपासा, ते सैल होऊन तापतात.

गीझर आणि एसीला मात्र टेस्टची वाट न बघता डीबीपासून थेट नवी लाइन ओढा, केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे भिंतीवरून बसवलेल्या झाकणाच्या पट्टीतून. भिंत फोडायची नाही, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो, आणि जुन्या तारांवरचा सगळ्यात मोठा भार उतरतो. बाकीची सर्किट पास झाली तर तीन वर्षं थांबायला हरकत नाही. आत्ता सगळं फोडलंत तर प्लास्टर आणि रंग दोनदा कराल, वर लोनचं व्याज. नूतनीकरणात तोच डीबी वापरायचा आहे, तेव्हा चार-सहा जागा जास्तीच्या असलेला घ्या.

अर्धीअधिक सर्किट नापास झाली तर माझं उत्तर बदलेल. मग तीन वर्षं थांबू नका. फंडातून आणखी दोन महिन्यांपर्यंत काढा, उरलेल्या रकमेपुरतं छोटं लोन घ्या, मुदतीआधी फेडल्यास दंड नसलेलं. होम लोनवर टॉप-अप मिळत असेल तर व्याजदर कमी पडेल, पण ते पंधरा वर्षं रेंगाळू देऊ नका, दोन वर्षांत संपवा.

घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त असाल तर पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. झीज आणि शॉर्टसर्किटने खुद्द त्या उपकरणाचं झालेलं नुकसान बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. कामाची बिलं आणि टेस्टचा कागद पॉलिसीसोबत ठेवा. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दर तीन महिन्यांनी दाबून बघा. खटका पडला नाही तर तो बदलायचा, कितीही नवा असला तरी.