सोलापूर भागातल्या लहान शेतकऱ्याची खरी अडचण काय? सगळा दोष पावसाचाच का?

पावसाचा दोष आहेच, पण सगळा नाही. आमची बार्शी तालुक्यात कोरडवाहू जमीन आहे, त्यावरून सांगतो. पाऊस चांगला झाला त्या वर्षीही लहान शेतकरी मार खातो, कारण त्याला माल धरून ठेवता येत नाही.

कांद्याचंच घ्या. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीच्या शेडमध्ये, राहतो तो उन्हाळी. त्यामुळे हिवाळ्यात सगळ्यांचा कांदा एकदमच सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो आणि भाव बसतो. गोण्या एकदा उतरल्या की मिळेल त्या भावाला द्यायच्या. परत न्यायचं भाडं कुठून आणणार? पट्टी, म्हणजे आडत्याचा हिशोब, हातात येते ती मोटारभाडं, हमाली, तोलाई कापूनच. फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाऊन 2 रुपये 49 पैसे उरले. भाव किलोला 1 रुपया. वर 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा! देशभर बातमी झाली. गावात मात्र कुणाला नवल वाटलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मग लोक म्हणतात, ज्वारी करा. मालदांडी ही रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते, वर जनावरांना कडबाही मिळतो. खरं आहे. पण ती अजून हातानं उपटून काढावी लागते, पेंढ्या बांधाव्या लागतात. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे ठोक पैसे, मागतात. दोन-तीन एकरवाल्याला ते परवडत नाही, म्हणून आमच्याकडे ज्वारीचं रान कमी होत चाललंय.

तूर, सोयाबीन असेल तर एक वाट आहे, फार जणांना माहीत नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज 6 टक्के, मुदत सहा महिने. गावच्या सोसायटीचं पीककर्ज भागतं आणि पडत्या भावात माल विकावा लागत नाही. त्यासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. कित्येकांची जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे, तिथंच गाडी अडते. तेव्हा वारस नोंद राहिली असेल तर आधी तलाठ्याकडे जाऊन ती करून घ्या, आणि यंदाची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून करायची पिकाची नोंद, चुकवू नका.