ताकदवान हँडहेल्ड लेझर बाळगण्यावर कायद्याने बंधन असावं का?

हो, असावं. कुणी म्हणेल की गैरवापर करणाऱ्याला शिक्षा करा, पण कुणी हौसेने घरात ठेवला तर सरकारने मध्ये का पडावं? मी पुण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळतो. हा मुद्दा मला पटत नाही, कारण हौसेने घेणाऱ्यालाच मुळात आपण काय घेतलंय हे माहीत नसतं.

मुलं तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवलेले हिरवे पॉइंटर घेऊन येतात, "सर, हा किती पॉवरचा आहे बघा ना" म्हणतात. आम्ही तो पॉवर मीटरसमोर धरतो. लेबलवर "५ मिलिवॅटपेक्षा कमी" छापलेलं आणि मीटर मात्र ८० च्या पुढे, असं सर्रास होतं. काही पॉइंटर तर असे, की हिरवा रंग अडवणारी काच मध्ये धरली तरी आकडा शून्यावर येत नाही. स्वस्त हिरवा लेझर आतून इन्फ्रारेडच असतो. ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ चा हिरवा करतो. उरलेलं इन्फ्रारेड अडवायला एक बारीक फिल्टर लागतो, आणि पैसे वाचवायचे झाले की आधी तोच गाळला जातो. हे इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे त्याला पापणीही मिटत नाही.

८० मिलिवॅट म्हणजे किती? भर दुपारी सूर्याकडे पाहिलं तर आकसलेल्या बाहुलीतून साधारण ३ मिलिवॅट आत जातात आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) सूर्याची दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास रुंद प्रतिमा पडते. लेझरचा किरण समांतर असल्यामुळे डोळ्याचं भिंग त्याला दहा-वीस मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करतं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. साध्या पॉइंटरला १ ते ५ मिलिवॅटची मर्यादा ठेवतात ती याच हिशोबाने. त्यापुढे पापणी वाचवू शकत नाही. पडदा भाजताना दुखतही नाही आणि मॅक्युलावरचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या, बारीक पाहणाऱ्या भागावरचा डाग पुन्हा भरून येत नाही.

२०२३ च्या गणेशोत्सवानंतर मिरवणुकीतल्या लेझरमुळे तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या इथेच आल्या. पुढच्या वर्षी पोलिसांनी मिरवणुकीत बीमवर बंदी घातली. चांगलंच केलं. ते बीम मोठ्या यंत्रांचे, हातातले नव्हेत, हे मान्य. पण मार्ग पाहा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढलेला आदेश एरवी दोन महिन्यांपुरता असतो. मुदत संपली की वस्तू पुन्हा बाजारात, बिनपरवाना.

विमानांचंही तेच. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर प्रवासी विमानं आणि हवाई दलाची विमानं एकाच धावपट्टीवर उतरतात. हातातल्या लेझरचा झोत किलोमीटरभर गेला की मीटरभर रुंद होतो आणि कॉकपिटच्या काचेवर पसरून नेमका उतरायच्या वेळी पायलटला आंधळं करतो. त्या वेळी विमानतळाजवळच्या खराडी-वाघोलीच्या हजारो गच्च्यांपैकी गच्ची शोधणार कोण? शिक्षा करायला आधी माणूस सापडावा लागतो. म्हणून मला आयातीच्या आणि विक्रीच्या टप्प्यावरचं बंधन महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियाने २००८ पासून १ मिलिवॅटवरच्या पॉइंटरच्या आयातीला परवानगी सक्तीची केली. स्वित्झर्लंडने २०१९ मध्ये सर्वांत सौम्य वर्ग सोडून बाकी पॉइंटरच बंद केले.

आपल्याकडे असा विचार नवा नाही. २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला शस्त्र नियमांनुसार परवाना लागतो, त्याखालच्या मिळतात. लेझरलाही तीच रीत लावावी: ५ मिलिवॅटपर्यंत मोकळीक, त्यावरच्या हँडहेल्डला कारण आणि नोंद, आणि अर्धा वॅट ओलांडला की खासगी हातात नकोच. लॅब, दवाखाने, एन्ग्रेव्हिंगवाले यांचं काम अडत नाही. त्यांचे लेझर बहुतेक टेबलावर बसवलेले, किल्लीचे आणि इंटरलॉकचे (झाकण उघडलं की आपोआप बंद होणारे) असतात.

एका गटाची तक्रार मी गांभीर्याने घेतो, आकाशदर्शनवाल्यांची. अंधाऱ्या माळावर तारा दाखवायला हिरव्या किरणासारखं दुसरं साधन नाही. पण तिथे ५ मिलिवॅट पुरतात, अट एवढीच की ते खरोखर ५ असावेत. म्हणूनच नुसती मर्यादा छापून भागणार नाही. आयात झालेल्या खेपेतले नमुने मीटरवर तपासले पाहिजेत, इन्फ्रारेडसकट. आज ग्राहकाला ती सोय नाही आणि दुकानदारालाही नाही.

ज्यांच्याकडे आधीच मोठे लेझर आहेत त्यांना गुन्हेगार ठरवू नये. सहा महिन्यांची मुदत द्यावी, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा पॉलिटेक्निकमध्ये जमा करायची सोय करावी, शक्य असेल तर थोडा मोबदलाही द्यावा. तुमच्याकडे असेल तर तोपर्यंत सेल काढून वेगळे ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर आजच ठेवा.