सहलीचा खर्च पॉलिसीतून निघेल?

घणसोलीहून पत्र आलंय. नवरा 39 वर्षांचा, आयटीत. बायको घरी शिकवण्या घेते. मुलं 12 आणि 9 वर्षांची. मे महिन्यात आठ दिवस मेघालय करायचंय : चेरापुंजी, मॉसमाईची गुहा, दावकी, नोंग्रियाटचा मुळांचा दुमजली पूल. खर्च 2 लाख. प्रश्न एवढाच, की 4 लाखांची एफडी अर्धी मोडू, की 14 टक्क्यांनी पर्सनल लोन काढू? आणि खाली ताजा कलम : "पुढच्या सहलींची काळजी नाही. तीन वर्षांपूर्वी बँकेतल्या मॅडमनी पॉलिसी काढून दिलीय. वर्षाला एक लाख, दहा वर्षं. नंतर दरवर्षी 60 हजार फिरायला मिळत राहणार."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं. तीन वर्षांच्या कर्जावर व्याज जाईल 46 हजार, एफडी मोडलीत तर नुकसान फार तर दोन-तीन हजार. म्हणजे कर्ज बाद. पण घराचा हप्ता 47 हजार आणि घरखर्च 35 हजार असताना ती एफडी म्हणजे जेमतेम पाच महिन्यांची शिदोरी आहे. त्यामुळे तिलाही हात लावू नका.

आता ताजा कलमाकडे येऊ, कारण खरं पत्र तिथेच आहे.

तुम्ही पाठवलेल्या कागदांनुसार बाराव्या वर्षअखेरीपासून पंचविसाव्यापर्यंत चौदा वेळा 60 हजार मिळणार, म्हणजे 8 लाख 40 हजार. शेवटी भरलेले 10 लाख परत. दहाचे अठरा! मॅडमनी हे दोन आकडे दाखवले असणार आणि मधली पंचवीस वर्षं दाखवली नसणार. हिशेब मांडला तर परतावा पडतो वर्षाला साडेतीन टक्के. शिवाय पहिले 60 हजार यायला अजून नऊ वर्षं आहेत. महागाई सहा टक्के धरा. आजची दोन लाखांची सहल तेव्हा 3 लाख 40 हजारांची झालेली असेल. थोरला तोवर एकवीस वर्षांचा. तो आईबाबांबरोबर येईल की मित्रांबरोबर, हे तुम्हीच सांगा.

हे झालं परताव्याचं. मला घोर आहे तो वेगळाच. या पॉलिसीत विमा आहे 10 लाखांचा आणि दुसरी कुठली पॉलिसी तुमच्याकडे नाही. घराच्या कर्जाची बाकी 52 लाख. तुमच्या माघारी बँक 52 मागणार आणि हातात 10 असणार. शिकवण्यांवर 47 हजारांचा हप्ता निघत नाही. वर्षाला लाख रुपये विम्यावर घालवून घर उघड्यावर ठेवायचं, ही करामत फक्त अशाच पॉलिसीला जमते.

निदान एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, साठीपर्यंतचा : मुदतीत माणूस गेला तरच पैसे, एरवी काही परत नाही. तब्येत ठीक असेल, तंबाखू-सिगारेट नसेल, तर वर्षाला 20 हजारांच्या आसपास पडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीकडे वळा, आधी नाही. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती आणि हप्ते थांबवून पेडअप ठेवली, म्हणजे कमी रकमेवर चालू राहू दिली, तर किती. तीन हप्त्यांनंतर सरेंडरवर भरलेल्या रकमेच्या निदान 35 टक्के, म्हणजे लाखभर मिळायला हवेत. दोन लाख गेले म्हणून जीव तुटेल, मान्य. पण तो लाख सोडून आणि उरलेले सात हप्ते भरून पुढचा हिशेब केला तरी परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपासच राहतो, पीपीएफ 7.1 देतं. सरेंडरचे पैसे एफडीला जोडा. ते सहलीचे नाहीत.

सहलीचे पैसे वेगळे आहेत. पुढच्या महिन्यात जो एक लाखाचा हप्ता भरणार होतात, त्यातून टर्मचे 20 हजार वजा करा. उरले 80 हजार. नऊ वर्षांनी 60 मिळण्याऐवजी याच वर्षापासून 80, तेही दरवर्षी. मेघालय यात बसत नाही, पण दरवर्षी थोडे मागे ठेवलेत तर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत बसेल. तसाही तिथे मे महिना म्हणजे पावसाची सुरुवात, आणि नोंग्रियाटला तीन हजारांवर पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असतात. ओल्या पायऱ्यांवर नऊ वर्षांच्या पोराला घेऊन मी तरी जाणार नाही.

गुहाच बघायच्या तर यंदा अजिंठा-वेरूळ करा. मे महिन्याच्या उन्हात नको, दिवाळीत. ठाण्याहून जनशताब्दीने संभाजीनगर, तिथे तीन रात्री. 30 हजारांत चौघांचं आरामात होईल आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीटही नाही. फक्त तिकिटं काढण्याआधी वार बघा : अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.