पाण्यावर रिक्षा

प्रश्न : माझी पेट्रोलची रिक्षा गुहागर-चिपळूण रस्त्याला असते. एक जण साडेसहा हजारांत पाण्यावर गाडी चालवणारा डबा बसवून देतोय. बरणीत बुडबुडे आलेले मी डोळ्यांनी पाहिले. घेऊ का?
– एक रिक्षावाला, शृंगारतळी

उत्तर : भाऊ, बुडबुडे खरेच आहेत. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. आयटीआयमध्ये शिकवताना मीही हे पोरांना दाखवायचो. हायड्रोजनच्या नळीला काडी लावली की ‘फट्’ व्हायचं आणि मागच्या बाकावरचे झोपलेले जागे व्हायचे. पण तुमच्या डब्याला वीज कोण देतं? बॅटरी. बॅटरी भरतं इंजिन, आणि इंजिन फिरतं पेट्रोलवर.

पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, चुलीतली राखच म्हणा ना. 9 लिटर पाण्यातून 1 किलो हायड्रोजन निघतो. त्याला यंत्र कितीही भारी आणा, 39 युनिट वीज लागतेच. लाइटबिलावर असतं तेच हे युनिट. तो जाळून 39च्या वर एक युनिटही मिळत नाही, आणि त्यातलं जेमतेम पाव चाकापर्यंत पोचतं. बाकीचं सायलेन्सरमधून आणि इंजिन तापण्यात जातं. 39 घालून 10 हाती! आमच्या वाडीत पंपाने विहिरीचं पाणी टाकीत चढवतात. तेच पाणी खाली सोडून त्यावर पंप चालवतो म्हणणाऱ्याला वाडी काय म्हणेल, ते इथे छापता यायचं नाही.

हा धंदा जुनाच. अमेरिकेत ओहायोच्या स्टॅनले मेयरने पाण्यावर चालणारी छोटी मोटारगाडी दाखवून पैसे घेतले होते. 1996मध्ये तिथल्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली आणि दोघा गुंतवणूकदारांचे 25 हजार डॉलर परत करायला लावले. तुमचा माणूस 2022मध्ये गडकरी संसदेत ज्या गाडीतून गेले, तिचा व्हिडिओ दाखवत असेल, तर ती टोयोटा मिराई. तिच्यात हायड्रोजन भरतात. पाणी मागून बाहेर पडतं.

अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणणारे सगळेच खोटारडे नसतात हं. डबा बसवताना फिल्टर साफ होतो, प्लग बदलला जातो, आणि नव्याच्या कौतुकात माणूस आठवडाभर हळू चालवतो.

तरी मन मानत नसेल, तर टाकी फुल करून चार दिवस डबा चालू ठेवा, पुन्हा फुल करून चार दिवस बंद, आणि दोन्ही वेळा किती किलोमीटरला किती पेट्रोल लागलं ते लिहून ठेवा. आधी चालू की आधी बंद, डब्याची तार कधी काढायची, ते मुलावर सोपवा, तुम्हाला कळता कामा नये. आणि त्या माणसाला आधीच विचारा, पैसे आठ दिवसांनी घेशील का?