ख्वेला, म्हणजे ‘चढ गाडीत!’

प्रश्न असा आहे : दक्षिण आफ्रिकेच्या जॅझमधल्या रेकॉर्डी एकमेकांना सुचवताना शौकीन मंडळी ‘क्वेला’, ‘माराबी’, ‘म्बाकांगा’ असे शब्द वापरतात. यांत फरक काय, मराठीत ते लिहायचे कसे, आणि नव्याने ऐकू लागलेल्याने आधी काय ऐकावं?

आधी एक खोड मोडूया. अब्दुल्ला इब्राहिमच्या पियानोला ‘क्वेला’ म्हणणं बंद करूया, आणि ह्यू मासेकेलाच्या ट्रम्पेटला ‘ट्रायबल’ म्हणणं तर त्याच्याही आधी. चार जाणकार जमतात, कुणीतरी रेकॉर्ड लावतो, चाल जरा उडती लागली की दुसरा म्हणतो, ‘वा, काय क्वेला आहे!’ आणि तिसरा लगेच जंगल, ढोल, शेकोटी यांच्यावर बोलू लागतो. हे संगीत जंगलातलं नाही हो. जोहान्सबर्ग, प्रिटोरिया, केपटाउन या शहरांच्या गल्ल्यांत, खाणकामगारांच्या वस्त्यांत, चोरट्या गुत्त्यांत ते घडलं. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्या नावांतच आहे. पोलिसांची गाडी, मक्याची उकड, क्लबातली मोरी, आगगाडी, यांवरून ही नावं पडली आहेत.

‘क्वेला’पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त हाल त्या शब्दाचे झाले आहेत. झुलू आणि खोसा या दोन्ही भाषांत ‘ख्वेला’ हे साधं रोजचं क्रियापद आहे. अर्थ : चढणे, वर जाऊन बसणे. आज्ञा करताना धातूला काही जोडावं लागत नाही. एकाला सांगायचं तर ‘ख्वेला’, अनेकांना सांगायचं तर ‘ख्वेलानी’. आपलं ‘चढ’ आणि ‘चढा’. आणि इथे ‘क’ नाही, ‘ख’ आहे, भरपूर श्वास सोडून म्हणायचा महाप्राण ‘ख’. रोमन लिपीत तो ‘के’ आणि ‘एच’ मिळून लिहितात. रेकॉर्डींच्या लेबलांवर त्यातला ‘एच’ गळाला. इंग्रजीचं त्यामुळे काही बिघडलं नाही, कारण क आणि ख यांच्यात अर्थाचा भेद ती करतच नाही. पण आपल्याकडे दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, पहिलीतलं पोरही ‘कार’ आणि ‘खार’ यांत गोंधळत नाही, आणि तरी आपण इंग्रजी स्पेलिंगवरून ‘क्वेला’ उचलतो. मूळ उच्चार जसाच्या तसा लिहिता येईल अशी लिपी हाताशी असताना उसना, मोडका उच्चार कशाला? मराठीत ‘ख्वेला’च लिहावं.

आता गाडीकडे वळतो. १९५०च्या दशकात जोहान्सबर्गच्या काळ्या वस्त्यांत पोलिसांच्या बंद गाडीला ‘ख्वेला-ख्वेला’ म्हणत. काळ्या माणसाला सक्तीने बाळगावा लागणारा परवाना, म्हणजे ‘पास’, जवळ नसला, फुटपाथवर फासे टाकताना सापडला, की शिपायाचा हुकूम एकच : ‘ख्वेला!’ चढ गाडीत. १९५६मध्ये ‘एलियस अँड हिज झिग-झॅग जाइव्ह फ्लूट्स’ या नावाने काही पोरांनी ‘टॉम हार्क’ ही तबकडी केली. तिची सुरुवात कान देऊन ऐका. पहिले काही क्षण संगीतच नाही. रस्त्याच्या कडेला जुगार चालला आहे, पोरं वस्तीच्या मिश्र बोलीत एकमेकांशी बोलताहेत, आणि एक जण इशारा देतो की ती बघा, ख्वेला-ख्वेला येतेय. फासे खिशात जातात, पत्र्याच्या बासऱ्या बाहेर निघतात आणि चाल सुरू होते. गाडी पोचेपर्यंत जुगाऱ्यांचे वादक झालेले असतात. १९५८मध्ये हीच तबकडी ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली.

या व्युत्पत्तीवर काही अभ्यासू मंडळी नाक मुरडतात. त्यांच्या मते ‘ख्वेला’ ही नाचणाऱ्यांना आणि वादकांना दिलेली हाक आहे : या, तुम्हीही सामील व्हा. कित्येक एलपींच्या कव्हरमागे हाच अर्थ छापलेला असतो आणि तिथून तो लेखांत उतरतो. क्रियापद एकच असल्याने हा अर्थ व्याकरणात बसतो, एवढं मी मान्य करतो. नाच रंगात आल्यावर तशी आरोळी कुणी दिलीही असेल. पण ज्या तबकडीने हे संगीत देशाबाहेर नेलं ती स्वतःच्या तोंडाने सांगते आहे की आधी गाडी आली आणि मग बासरी वाजली. एवढी साक्ष समोर असताना ती सोडून ‘या, सामील व्हा’ पुढे करणारे लोक शब्दातून पोलीस आणि पासचा कायदा काढून टाकतात. विकायला तो अर्थ सोयीचा आहे. मला तो पटत नाही, आणि गाडीचा उल्लेखसुद्धा न करता नाचाची हाक छापणारे संपादक आपलं काम नीट करत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

ख्वेला हे संगीताचं नाव आहे, वाद्याचं नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. ‘तो ख्वेला वाजवतो’ म्हणजे ती चाल वाजवतो. वाद्य म्हणजे सहा भोकांची पत्र्याची स्वस्त बासरी. वस्तीतल्या पोराला सॅक्सोफोन कुठून परवडणार? पण या बासरीवर स्पोक्स माशियाने हा वादक काय करायचा ते ऐकण्यासारखं आहे. बासरी सरळ तोंडात धरायची नाही. ती थोडी फिरवून, तिची वरची खिडकी गालाकडे वळवून तिरकी धरायची. खिडकी ओठा-गालाने थोडी झाकली जाते, सूर जाड होतो आणि बोटांशिवाय खालीवर सरकवता येतो. आपल्या कानाला ओळखीची अशी एक मींड त्यातून निघते. पन्नासच्या दशकाच्या शेवटी माशियानेनेच सॅक्सोफोन हातात घेतला आणि बासरीचा जमाना ओसरला.

‘माराबी’ त्याच्या कितीतरी आधीची, १९२०-३०च्या सुमाराची. जोहान्सबर्गच्या झोपडपट्ट्यांत शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी उजाडेपर्यंत चालणाऱ्या पार्ट्यांचं हे संगीत. वाद्य बहुतेक पियानो किंवा पायाने भाता हाणायची पेटी. आपल्या संगीत नाटकातली पायपेटी म्हणजे हीच जात. सोबत ताल धरायला डब्यात खडे. तीन स्वरमेळांचं एक छोटं आवर्तन, तेच रात्रभर फिरत राहणार. नावाबद्दल दोन मतं आहेत. एक, प्रिटोरियाच्या माराबास्टाड वस्तीवरून. दुसरं, सोथो भाषेत उडाणटप्पू माणसाला ‘लेराबी’ म्हणत आणि त्याचं अनेकवचन ‘माराबी’. मी दुसऱ्या बाजूचा आहे. सोथोत एकवचनी ‘ले’ आणि अनेकवचनी ‘मा’ हा उपसर्ग अगदी नियमाने येतो, आणि हे संगीत सभ्य, चर्चला जाणाऱ्या काळ्या कुटुंबांना उडाणटप्पूंचंच वाटे.

या पार्ट्या जिथे होत त्या चोरट्या गुत्त्याला ‘शबीन’ म्हणतात. हा शब्द आफ्रिकी नाहीच, तो आयरिश आहे. ब्रिटिश अमलाबरोबर आयर्लंडमधून तिथे गेला आणि इतका रुजला की आता दक्षिण आफ्रिकेचाच वाटतो. १९६२पर्यंत काळ्या माणसाला दुकानातून विलायती दारू विकत घेण्याची बंदी होती. त्यामुळे घरोघरी बायका हातभट्टी लावत आणि गिऱ्हाईक टिकावं म्हणून कोपऱ्यात पेटीवाला बसवत. जॅझ तिथे पोचायला कारण झाला तो कायदा.

‘म्बाकांगा’ म्हणताना आपली जीभ सुरुवातीच्या ‘म्ब’वर अडखळते. मूळ शब्दाच्या सुरुवातीला ‘उ’ आहे : ‘उंबाकांगा’. आपण ‘उंबरठा’ म्हणतोच की. तो ‘उ’ मनात म्हणा आणि मग गाळा, शब्द आपोआप सुटेल. मधला ‘क’ हा मात्र खरं तर क नव्हे, ती टिचकी आहे. जीभ टाळूला घट्ट चिकटवून एकदम खाली सोडली की ‘टॉक्’ असा आवाज येतो, तो. लहान मुलाला घोड्याच्या टापा ऐकवताना आपण हाच काढतो. मिरियम मकेबाच्या ‘कोंगकोथ्वाने’ या गाण्यात तो दोनदा, एकाच शब्दात आहे. देवनागरीत त्याला अक्षर नाही, ‘क’ लिहिणं भाग आहे. अर्थ : मक्याच्या पिठाची घट्ट उकड. गरिबाचं रोजचं जेवण, आणि वादकाच्या दृष्टीने रोजच्या भाकरीपुरते पैसे मिळवून देणारं संगीत. पन्नासच्या दशकात माराबी आणि अमेरिकन स्विंग यांच्या मिश्रणाला हे नाव होतं. साठच्या दशकात तेच नाव विजेच्या गिटारींवरच्या गाण्यांना चिकटलं. म्हणून कुणी ‘म्बाकांगा घे’ म्हणालं तर कोणत्या सालचा, हे विचारून घ्या. नाहीतर जॅझ म्हणून आणलेल्या रेकॉर्डवर महलाथिनी आणि महोटेला क्वीन्स निघतील. गाणी फक्कड आहेत, पण जॅझ नव्हे.

जॅझ हवा तर जानेवारी १९६०मधली ‘जॅझ एपिसल : व्हर्स वन’. डॉलर ब्रँड (पुढचा अब्दुल्ला इब्राहिम), किपी मोकेत्सी, मासेकेला, जोनास ग्वांग्वा ही मंडळी तिच्यात आहेत. तिच्यात मोकेत्सीची ‘स्कलरी डिपार्टमेंट’ नावाची रचना आहे. स्कलरी म्हणजे भांडी घासायची मोरी. गोऱ्यांच्या क्लबात वाजवायला बोलावलेल्या काळ्या वादकांना जेवण वाढायचं ते स्वयंपाकघराच्या त्या भागात, म्हणून हे नाव. दोन महिन्यांनी, २१ मार्चला, शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी पासविरोधी जमावावर गोळ्या झाडल्या, आणि पुढच्या काही वर्षांत यातले बहुतेक जण देश सोडून गेले.

अब्दुल्ला इब्राहिमची ‘मॅननबर्ग’ ही तबकडी १९७४ची, केपटाउनात ध्वनिमुद्रित झालेली. डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती १९६६मध्ये सरकारने फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि साठ हजारांवर माणसं शहराबाहेरच्या सपाट मैदानांवर हलवली. मॅननबर्ग ही तिथली एक वसाहत, तबकडीचं नाव तिच्यावरून. केपटाउनच्या भारतीय मुसलमानांत आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी बरेच, आणि डिस्ट्रिक्ट सिक्समध्येही त्यांची वस्ती होती. हलवलेल्या माणसांत आपलीही माणसं होती. तबकडीवर इब्राहिमने वाजवलेल्या पियानोच्या हातोड्यांना टाचण्या टोचलेल्या होत्या, त्यामुळे सूर जुन्या गुत्त्यातल्या पेटीसारखा खणखणतो. आवर्तनही माराबीचंच. म्हणून ‘मॅननबर्ग’ला ख्वेला म्हटलं की मला राहवत नाही, पन्नासच्या दशकात गल्लीत वाजणाऱ्या बासरीशी त्याचा संबंध नाही, त्याची आजी माराबी आहे. ही तबकडी काढली रशीद वल्ली या भारतीय वंशाच्या माणसाने. जोहान्सबर्गमधल्या त्याच्या रेकॉर्डींच्या दुकानाचं नाव ‘कोहिनूर’.

पण ज्या नावासाठी मी हा सगळा पसारा मांडला ते अजून राहिलंच. सॅक्सोफोनवादक विन्स्टन मनकुंकू एन्गोझीची १९६८ची ‘याखाल’ इन्कोमो’. इंग्रजीत याचं भाषांतर ‘बैलाचं डुरकणं’ अशा अर्थाचं करतात. साफ चूक. ‘इन्कोमो’ म्हणजे बैलच असं नाही, कळपातलं कुठलंही जनावर, गाय असो वा बैल. ‘खाला’ म्हणजे रडणे, ओरडणे. एक जनावर कापताना बाकीची गुरं जो आकांत करतात तो हा आवाज. ऐकणाऱ्या काळ्या माणसाला तो कोणाचा आकांत आहे हे सांगावं लागत नव्हतं. इंग्रजीला याला एक शब्द नाही. आपल्याकडे आहे : हंबरडा. गाय हंबरते, आणि माणूस हंबरडा फोडतो. एकाच धातूतून गुराचा आवाज आणि माणसाचा शोक. ‘इन्कोमोचा हंबरडा’ म्हणा, मूळचं काहीही सांडत नाही. मनकुंकूच्या टेनर सॅक्सोफोनचा वरच्या सप्तकात फाटत गेलेला सूर ऐकला की हे भाषांतर कानानेच पटतं. पियानोवर लायोनेल पिल्ले आहे, तोही भारतीय वंशाचा.

सुरुवात कुठून करायची, हे विचारलं होतं. ‘मॅननबर्ग’पासून करा, मग ‘याखाल’ इन्कोमो’, मग ‘जॅझ एपिसल’. मग मासेकेलाचं १९७४चं ‘स्टिमेला’, खाणींकडे मजूर वाहून नेणाऱ्या आगगाडीचं. झुलूतला तिचा शब्द ‘इसिटिमेला’ इंग्रजी ‘स्टीमर’वरून आला. ब्लू नोट्स या गटाची ‘ब्लू नोट्स फॉर मोंगेझी’ आधी लावू नका. हा गट १९६४मध्ये देशाबाहेर पडला, आणि डिसेंबर १९७५मध्ये त्यांचा ट्रम्पेटवादक मोंगेझी फेझा लंडनमध्ये तिशीतच गेला. उरलेले चौघे एका तालमीच्या खोलीत जमून त्याच्यासाठी वाजवत राहिले, तेच त्या तबकडीवर आहे. ती अवघड आहे. आधीच्या चार कानांत चांगल्या बसू द्या, मग एका दमात पूर्ण ऐका.