यूकेमधल्या चॅरिटी शॉपकडून मराठी मंडळाला गणपतीसाठी अनुदान मिळतं का? आम्ही सगळे तिथे एवढं सामान देतो.

'एवढं सामान देतो' हे वाचलं आणि राहवलं नाही. एरवी मी इथे फक्त वाचते.

आधी सरळ उत्तर. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च यांच्या दुकानात मागायला जाऊच नका. ती दुकानं दान आलेल्या जुन्या वस्तू विकून त्यांच्या स्वतःच्या कामासाठी पैसा उभा करतात, तुमच्या गावात वाटायला नाही. अनुदान देतात ती गावातली सुटी दुकानं: चार लोकांनी मिळून काढलेली, वर एक छोटी ट्रस्ट, आणि भाडं, वीज, मॅनेजरचा पगार जाऊन जे उरेल ते गावातल्याच बँडला, स्काउटला, बालवाडीच्या वयाच्या पोरांच्या खेळगटाला. असं दुकान तुमच्याकडे असेल तर मंडळाला पैसे मिळू शकतात. गणपतीसाठी? बहुधा नाही. आणि नाही मिळाले तर त्यात दुकानाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

हे मी ठासून सांगते, कारण मिडलंड्समधल्या आमच्या गावात असंच दुकान आहे. मी आधी मागच्या खोलीत पिशव्या निवडायचे, आता ट्रस्टी आहे. लोक काय देतात ते मी माझ्या हाताने उपसलंय. आपल्या लोकांच्या पिशव्या तर मला न उघडता ओळखता येतात. भारतातून आणलेला गोल पिनांचा मिक्सर, झाकण हरवलेला कुकर, आगीच्या नियमाचं लेबल कापून टाकलेल्या उशा, पोरगं मोठं झालं म्हणून दिलेली कार सीट. यातलं काहीही विकता येत नाही. विजेची वस्तू तपासल्याशिवाय ठेवता येत नाही, लेबल नसलेलं गादीकाम १९८८ च्या आगीच्या नियमांत बसत नाही, आणि वापरलेल्या कार सीटला अपघात झालाय की नाही हे कोण सांगणार? हे सगळं कचऱ्यात जातं आणि तो उचलायचे पैसे आमचं दुकान भरतं. म्हणजे तुमचं 'सामान' कधीकधी आम्हाला उलट खर्चात घालतं.

चांगलंही येतं. एकदा किरमिजी नारायणपेठी आली, घडी न मोडलेली. मॅनेजरबाईंनी विचारलं, हे टेबलक्लॉथच्या भावात लावू का? मी ती काचेतल्या पुतळ्याला नेसवली, निऱ्यांना टॅगच्या पिना टोचून. दोन दिवसांत एका इंग्लिश बाईने पडद्यासाठी नेली. मंडळात त्यावर केवढी हळहळ! ज्यांनी ती दिली त्या कपाटात ठेवून कधी नेसल्या नव्हत्या, हे मात्र कुणी बोललं नाही.

जे कपडे खपत नाहीत ते किलोच्या भावाने रॅगवाल्याकडे, म्हणजे जुने कपडे घाऊक घेणाऱ्याकडे जातात. इंग्लंडमधून निघालेले असे गठ्ठे कांडल्याला निवडले जातात, लोकरीचं फाडून पानिपतला त्याचा पुन्हा धागा होतो. तुमचं स्वेटर तुमच्याआधी भारतात पोचलेलं असू शकतं.

तर आमच्या मंडळाचं प्रकरण. सचिवांनी अर्ज केला: गणेशोत्सव, दीड हजार पौंड. हॉल, साउंड, केटरर. त्यात सर्वात मोठा आकडा केटररचा. प्रवेश सभासदांना, बाहेरच्यांना तिकीट. 'गावातल्या इतर लोकांना याचा काय उपयोग' या रकान्यात लिहिलं होतं, 'आमची संस्कृती जपली जाते.' अहो, तो तुमचा उपयोग झाला, गावाचा कुठे?

अर्ज बैठकीत आला तेव्हा मी सांगितलं, मी या मंडळाची सभासद आहे, आणि उठून दुकानाच्या पुढच्या भागात हँगरवर साइझचे मणी लावत बसले. तसा नियमच आहे, इतिवृत्तात नोंदही होते. आत त्या संध्याकाळी बँडला एका मोठ्या पितळी वाद्याच्या दुरुस्तीसाठी पैसे मिळाले, 'मेन्स शेड'वाल्या निवृत्त बुवांना सुतारकामाच्या भुश्शाचं शोषयंत्र मिळालं, आणि मंडळाला दोन ओळींचं नकाराचं पत्र.

पुढच्या मीटिंगमध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'आपला माणूस आत असून उपयोग काय?' आणि मग ते अजरामर वाक्य: 'वहिनी, तुम्ही फक्त एक शब्द टाकायचा होता.' मी म्हटलं, भाऊजी, शब्द टाकायला मी खोलीतच नव्हते, आणि असते तरी टाकला नसता. त्या वर्षी उकडीच्या मोदकांच्या यादीतून माझं नाव गळलं. माझ्या पारीला चीर जात नाही हे साऱ्या मंडळाला माहीत आहे. तोटा कुणाचा झाला ते त्यांनी बघावं.

त्यांचा दुसरा मुद्दा असा की 'या दुकानांना सगळं फुकटच मिळतं, वाटायला काय जातं?' फुकट नाही. चॅरिटी म्हणून बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे दुकानाच्या जागेवरच्या करात, ८० टक्के सूट मिळते, दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य, इतकंच. भाडं, विमा, वीज, पगार बाजारभावाने. तीन पौंडांच्या शर्टातून जे सुटतं ते साठवून ही अनुदानं होतात.

आपल्याकडे बोहारीण दारात आली की जुन्या साड्यांवर पातेलं मिळायचं. पिशवी दिली म्हणून मंडळाला अनुदान, हा तोच हिशेब आहे, आणि बोहारीण निदान कपडा उलटापालटा करून बघायची तरी. खरंच दुकानाला काही द्यायचं असेल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा. तुम्ही इथे कर भरत असाल तर तुमच्या वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या दर १० पौंडांमागे दुकानाला सरकारकडून आणखी अडीच पौंड मिळतात. आमच्या मंडळात चाळीस टक्क्यांनी कर भरणारे आयटीवाले खंडीभर आहेत, फॉर्म भरणारे मोजके. 'नाव-पत्ता कशाला देऊ?' ॲमेझॉनला देता तसा द्या. जास्त दराने कर भरणाऱ्याला फरकाची रक्कम स्वतःच्या रिटर्नमध्ये मागताही येते, हे सांगितल्यावर दोघं-तिघं लगेच तयार झाले.

आता ज्याला पैसे मिळाले त्याचं सांगते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा इथे काय करतात तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, बागेपर्यंत चालून परत. आमच्या गल्लीतल्या एका सुनेने शुक्रवारी लायब्ररीच्या खोलीत चहा सुरू केला, सासूबाईंना बोलायला कुणी हवं म्हणून. दारावर पाटी लावली, कुणीही या. गावातले एकटे राहणारे इंग्लिश म्हातारेही यायला लागले. या चहाच्या गटाने दुकानाकडे मागितलं काय, तर चहाचा अर्न (पाणी उकळायचं मोठं भांडं), घडीची टेबलं, कॅरम बोर्ड आणि वर्षभराचं खोलीभाडं. गटाचं बँक खातं नव्हतं, म्हणून पैसे लायब्ररीच्या मित्रमंडळाच्या खात्यात घेतले. एका बैठकीत मंजूर. बायको गेलेले एक आजोबा तिथे आता राणी घेऊन वर कव्हरही काढतात, आणि आमच्या सांगलीकर काकांना 'फाउल, फाउल' म्हणून डिवचतात.

माजी अध्यक्षांच्या मते हे 'मंडळ फोडणं' आहे. मंडळाचा या चहाशी काडीचा संबंध नव्हता. फोडायला आधी जोडलेलं असावं लागतं.

तुमच्या अर्जाबद्दल मला एवढंच म्हणायचंय. घटना, दोन सह्यांचं खातं, मागच्या वर्षाचा हिशेब, मुलं असतील तर सेफगार्डिंगचं (मुलांच्या सुरक्षिततेचं) धोरण, हे तुमच्याकडे असेलच. जेवण मागू नका. आरती, पूजा, मूर्ती मागू नका. धार्मिक कामाला बऱ्याच ट्रस्ट पैसे देत नाहीत, आणि ज्या देवाला आपण घरी आणतो त्याचा खर्च आपण करावा असं माझं जुनं मत आहे. लेझीम किंवा ढोल शिकवा, शाळेच्या हॉलमध्ये, शेजारच्या पोलिश आणि पाकिस्तानी पोरांनाही, आणि त्याच्या सामानाचे पैसे मागा. थोडे मागा. त्या ट्रस्टने आधी कुणाला किती दिलंय ते तिच्या हिशेबात सापडतं, चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे चॅरिटींच्या नियामकाच्या, साइटवर नाव टाकून बघा.

हे सगळं इंग्लंड-वेल्सचं झालं. स्कॉटलंडचा नियामक वेगळा, तिथलं तिथे विचारा. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या, १९३२ पासूनच्या आणि स्वतःची वास्तू असलेल्या संस्थेची गोष्टही वेगळी. आणि उत्सवाला पैसे मिळतच नाहीत असं नाही: लेस्टरच्या दिवाळीत सिटी कौन्सिल असते, पण ती दिवाळी रस्त्यावर असते, तिकीट काढून हॉलमध्ये नाही. आमच्या दुकानासारखंच तुमचं असेल असंही नाही, काहींचे नियम सैल असतात.

आमच्या मंडळातलं कुणी हे वाचत असेल तर पुढच्या फेरीचे फॉर्म काउंटरवर आहेत. मी त्या वेळीही खोलीबाहेरच असेन, तेव्हा अर्जात माझं नाव संदर्भ म्हणून घालू नका.