हवेच्या प्रदूषणाचे मुख्य स्रोत कोणते आणि त्याचे परिणाम काय होतात?

हवा प्रामुख्याने इंधनाच्या ज्वलनातून दूषित होते. वाहने, कोळशावरील वीजकेंद्रे आणि कारखाने सर्वांना ठाऊक असतात. घरातील चुलीचा धूर मात्र गणतीत धरला जात नाही, आणि बंद खोलीत रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची त्यामुळे होणारी हानी दुर्लक्षित राहते, हे मला फार खटकते. २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण सर्वाधिक घातक असतात, कारण ते नाकात वा घशात न अडकता थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील काही रक्तातही मिसळतात. म्हणूनच दम्याखेरीज हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. सल्फर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे आम्लवर्षाही होते.